रिकाम्या ट्रेलरचं वजन

दुसऱ्यांची जनावरं या गावाहून त्या गावाला पोचवणं हा रोवेना हॅस्केटचा धंदा. नवरा नालबंद होता. तो गेला तेव्हा मागे एक ऐरण, एक डिझेलचा पिकअप ट्रक आणि सहा घोडे मावतील असा ट्रेलर ठेवून गेला. ऐरण तिने देऊन टाकली. ट्रकच्या स्टिअरिंगमागे मात्र ती जी बसली, ती साठी उलटली तरी उतरली नाही. आमच्या ओकानोगन खोऱ्यात कुणाची घोडी जत्रेला न्यायची असो की कुणाचा आजारी बैल डॉक्टरकडे, फोन तिलाच जायचा, कारण जनावर तिच्याबरोबर चढायचं. इतर लोक दोर ओढत, मागून हुसकत, शिव्या देत. रोवेना घोड्याकडे पाठ करून ट्रेलरच्या दारात उभी राहायची आणि काहीतरी गुणगुणायची. थोड्या वेळाने घोडा तिच्या खांद्याला नाक लावून आत.

बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. एकच हौस होती तिला. सिग्नल हिरवा झाला की ट्रक झपकन सुटायला हवा. शेजारच्या गाडीतली पोरं वळून बघायची आणि चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेली ही बाई समोर बघत निघून जायची. या हौसेपायीच पुढचं सगळं घडलं असं ती स्वतः म्हणायची. आम्ही कुणी म्हणत नाही.

डोंगराला मोठी आग लागली त्याच्या दोन वर्षं आधी तिच्या ट्रकचा टॉर्क कन्व्हर्टर गेला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसणारा, तेलाने भरलेला हा गोल डबा. आत दोन पंखे, तोंडाला तोंड लावून. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर दुसराही वाऱ्याने फिरायला लागतो ना, तसंच. फक्त वाऱ्याच्या जागी तेल. कन्व्हर्टर सैल असला तर इंजिन आधी जोरात फिरून घेतं आणि मग गाडी उसळी मारून निघते. घट्ट असला तर गाडी संथ निघते, पण ओझं ओढताना तेल फार घसरत नाही. आणि घसरण म्हणजे उष्णता. तेल करपलं की गिअरबॉक्स बसला म्हणून समजा.

ओमॅकमध्ये गिअरबॉक्सचं काम करणारा एली ओंतिवेरोस तिला आपल्या आईच्या रीतीने मानाने ‘दोन्या रोवेना’ म्हणायचा. त्याने घट्टच घ्या म्हणून सांगितलं होतं.

“तुम्ही घाट चढता, दोन्या रोवेना. मागे घोडे असतात. हळू निघाला ट्रक तर काय बिघडलं?”

पण त्याच आठवड्यात तिचा जावई ब्रॉडी स्पोकेनहून आला होता. तो सुट्टीच्या दिवशी ट्रकच्या शर्यती लावायचा.

“मॉम, म्हाताऱ्यांचा कन्व्हर्टर बसवतेयस?” तो म्हणाला. “सैल घे. एकदा पाय दाबून बघ, मग सांग मला.”

तिने सैल घेतला. एलीने खांदे उडवले आणि बसवून दिला. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षं तिने तो मजेत चालवला.

मग त्या ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून वारा सुटला आणि आग डोंगर उतरून स्कॅटर क्रीकच्या दरीकडे यायला लागली.

दरीच्या तळाशी ऑर्व्हल टिंगस्टॅड राहायचा, एकटा, ऐंशीच्या घरातला. त्याचे दहा घोडे. रोवेना पोचली तेव्हा आकाश विटेसारखं लाल झालं होतं, पण अजून वेळ आहे असं सगळेच म्हणत होते. दोन खेपा सहज होतील. ऑर्व्हलने तरुण घोडे आधी चढवले.

“हे बावचळतात. यांना आधी ने,” तो म्हणाला. “म्हातारे चौघं थांबतील. त्यांना ठाऊक आहे तू परत येतेस ते.”

मेजर, बिस्किट, डचेस आणि जून. चौघं म्हातारे घोडे चढवायच्या जागी, कुंपणाच्या फटीपाशी, ओळीने उभे राहिले. इतकी वर्षं ट्रेलर तिथेच लागायचा. रोवेनाने आरशात त्यांना पाहिलं आणि घाटाला लागली.

घाट मोठा नाही, पण खडा आहे. वळणावळणाला वेग पडतो आणि सगळी मदार त्या दोन पंख्यांवर येते. अर्ध्यावर तेलाच्या उष्णतेचा काटा चढला. खिंडीच्या जरा खाली ट्रक थरथरायला लागला, आणि ऐन खिंडीत पोचल्यावर करपलेल्या तेलाचा वास आत आला. इंजिन ओरडत होतं आणि चाकांना काही कळत नव्हतं. नशीब एवढंच की पुढे उतार होता. ब्रेकवर ब्रेक देत तिने ते धूड पलीकडे हायवेपर्यंत घरंगळत नेलं. तिथे लोक होते, ट्रक होते. सहाही घोडे जत्रेच्या मैदानावर सुखरूप पोचले.

ती मात्र खिंडीकडे परत धावली होती. कुणाचा तरी ट्रक मागत होती. तोवर शेरीफच्या माणसांनी रस्ता बंद केला होता. ऑर्व्हलला अग्निशामक दलाच्या पोरांनी अक्षरशः उचलून बाहेर आणलं. निघताना त्याने सगळी फाटकं उघडी टाकली होती. घोडे पळाले असते तर ओढ्याकडून सुटले असते. पण ते पळाले नाहीत. आग विझल्यावर जिथे उभे होते तिथेच मेलेले सापडले.

ऑर्व्हल तिला एका शब्दाने बोलला नाही. धाकट्या बहिणीकडे ओमॅकला राहायला गेला आणि त्याचे उरलेले सहा घोडे मैदानाजवळच्या एका कुरणात ठेवले. रोवेना भेटायला गेली की कॉफी करून द्यायचा. ती कॉफी तिला गिळवत नसे.

एलीने तिच्या ट्रकमध्ये भंगारातल्या एका गाडीचा जुना गिअरबॉक्स त्याच्या साध्या, कंपनीच्या कन्व्हर्टरसकट बसवून दिला. “हिवाळ्यापर्यंत चालवा,” म्हणाला. “नंतर नीट बघू.” शरद लागला. दरीतले लोक परत कुंपणं घालू लागले आणि खांब, पत्रे, गवताच्या गासड्या पोचवायला रोवेनाला फोन येऊ लागले. जायची इच्छा नव्हती, पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

पहिल्या खेपेला तिने ऑर्व्हलच्या शेजाऱ्याकडे खांब उतरवले. ट्रेलर वळवायला मोकळी जागा ऑर्व्हलच्या कुंपणाच्या फटीपाशीच होती. तिने तिथेच वळवला. क्षणभर थांबली, टोपी काढली, परत घातली आणि निघाली. भर दुपार, स्वच्छ ऊन, काळी झाडं.

घाटाच्या पहिल्याच वळणावर तिला कळलं की मागे ओझं आहे.

ज्याने जन्मभर ट्रेलर ओढला त्याला हे कमरेत कळतं. रिकामा ट्रेलर खडखडतो, उड्या मारतो. हा शांत होता. ट्रकचं नाक किंचित वर आलं होतं. वळणावर मागून तो ओळखीचा संथ धक्का आला. उभी जनावरं तोल सावरताना देतात तो. तेलाचा काटा चढत होता. तिला वाटलं, जुना गिअरबॉक्स, गेला असेल. खिंडीत पोचता पोचता ट्रक थरथरला आणि ऐन माथ्यावर एकदम हलका झाला, जणू कुणी ट्रेलरचा आकडा काढून घेतला. मागे ट्रेलर खडखडायला लागला.

तिने गाडी बाजूला घेतली आणि मागे जाऊन दार उघडलं. खांबांच्या साली, थोडी माती. बाकी काही नाही. पण घोड्यांच्या अंगाची ऊब असते ना, बंद ट्रेलर उघडल्यावर तोंडावर येते ती, तशी ऊब आतून बाहेर आली. ती दार धरून उभी राहिली. मग दार लावलं, नीट कडी घातली आणि घरी गेली.

दुसऱ्यांदा असंच झालं. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम दुसरीकडे, अडचणीत, चिखलात ट्रेलर वळवला. त्या दिवशी ट्रेलर रिकाम्यासारखा उड्या मारत आला. म्हणजे त्या फटीपाशी थांबलं तरच ते होतं. थांबलं नाही की होत नाही. खरं तर प्रश्न मिटला होता, तिथे थांबायचं नाही, बस. पण त्या दिवशी चिखलातून निघताना तिची नजर आरशात गेली. फटीपाशी कुणी नव्हतं. उन्हात राख तेवढी हलत होती, खुर आपटल्यावर उडते तशी, चार जागी. वारा पडलेला होता.

त्यानंतर ती दर खेपेला तिथे थांबू लागली.

ऑक्टोबरात ऑर्व्हलने नवं कुंपण बघायला म्हणून त्याची तरुण घोडी फर्न दरीत नेऊन आणायला सांगितली. तिला जळलेली जमीन सोसते का बघू, म्हणाला. येताना रोवेनाने घोडी एकटीच चढवली. एकटी घोडी ट्रेलरमध्ये पसरून उभी राहते. फर्न आत गेली ती पुढच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली, बाजूच्या पत्र्याला पोट घासत, आणि मान मागे वळवून बारीक आवाजात खिंकाळली. ओळखीच्या घोड्याला घोडा भेटतो तेव्हा काढतो तो आवाज. सबंध घाटभर ती खिंकाळत होती. खिंडीत गप्प झाली. पलीकडे उतरवली तेव्हा घामाने भिजली होती, आणि परत आत जाऊ बघत होती.

रोवेना त्याच संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या आत, एलीकडे गेली.

“कन्व्हर्टर बदलायचाय,” ती म्हणाली. “या वेळी तू म्हणशील तो.”

एलीने हात पुसले. “आधी सांगा, ओढायचं किती? खरं सांगा. माणसं इथे येऊन वजन कमी सांगतात आणि मग मला शिव्या घालतात.”

“ट्रेलर आणि चार घोडे.”

“कुठे?”

“स्कॅटर क्रीकच्या घाटात. वर.”

“स्कॅटर क्रीकमध्ये आता घोडे कुठेयत?”

तिने फटीपाशी काय होतं ते थोडक्यात सांगितलं. एलीने कपाटातून कॉफीचे दोन कप काढले, ओतली, एक तिच्यापुढे सरकवला. त्याची आई मेक्सिकोतल्या ज्या गावची होती तिथे मेलेल्यांसाठी नोव्हेंबरात पाणी भरून ठेवतात. त्याने तिला वेडी ठरवलं नाही, पण कारागीर होता, बघितल्याशिवाय सामान मागवणारा नव्हता.

“उद्या दुपारी मी येतो बरोबर,” तो म्हणाला. “मशीन लावून बघू. घसरतो किती, तापतो किती. आकडे काय म्हणतात ते कळेल.”

तो दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसला, मांडीवर मशीनचा छोटा पडदा, त्याची वायर ट्रकच्या पोटात. दरीत जाताना रिकाम्या ट्रेलरची आदळआपट चालू होती आणि तो आपल्या मेव्हण्याच्या गोष्टी सांगून तिला हसवायचा प्रयत्न करत होता. फटीपाशी तिने ट्रेलर लावला, मागचं दार उघडलं, थोडा वेळ उभी राहिली. एली आरशात बघत होता. त्याला तीच दिसत होती, पाठ करून उभी. काहीतरी गुणगुणत होती. मग ट्रेलरचं ओझं झेलणारे कमानपाटे करकरले. मागचा भाग एका बाजूला किंचित बसला, मग दुसऱ्या बाजूला.

घाटात तो पडद्याकडे बघत राहिला. एकदा फक्त, “हळू, दोन्या रोवेना, त्यांना उभं राहायला जमू दे,” असं म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन पुन्हा पडद्यावर वाकला. खिंडीत ओझं सुटलं तेव्हा त्याने वायर काढली आणि गुंडाळायला लागला. 

“इथेच का सुटतात?” त्याने विचारलं.

“इथेच ट्रक गेला होता माझा.”

“म्हणजे पुढे जायचंय त्यांना, पण—”

“पण ट्रक इथवरच पोचतो असं त्यांना वाटतंय,” रोवेना म्हणाली. “आणि हा कन्व्हर्टरही इथे आला की थरथरतोच. ते घाबरतात. थरथरणाऱ्या ट्रेलरमध्ये कुठलाही घोडा थांबत नाही.”

एलीने गुंडाळलेली वायर खिशात टाकली. मग धंद्याच्या आवाजात म्हणाला, “घट्ट हवा. अगदी खालूनच पकडणारा. आणि आत नुसते पंखे नकोत, वेग धरला की दोघांना एकत्र जखडणारा क्लच असतो ना, तो एका चकतीचा नको. तीन चकत्यांचा घेऊ. एका चकतीला एवढं ओझं झेपत नाही, ती घसरते, तेच थरथरणं. वरचं कवच जाड पोलादाचं. आणि इथे स्टिअरिंगखाली एक बटण देतो, चढावर तुम्ही स्वतः जखडायचा. निघताना मात्र म्हाताऱ्या गाईसारखा निघेल. सिग्नलला पोरं हसतील.”

“हसू दे,” ती म्हणाली.

नवा कन्व्हर्टर यायला वेळ लागला. तोवर बर्फ पडून गेलं होतं, पण रस्ता मोकळा होता. एलीने तो बसवला, तेल थंड करायची मोठी जाळीही लावली, आणि आसपासच्या साध्या चढांवर दोनदा फिरवून दिला. मग रोवेना ऑर्व्हलकडे गेली. एवढे दिवस जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. कोट घातला. “डचेस सगळ्यांत शेवटी चढते,” तो म्हणाला. “तिला घाई केलेली चालत नाही. चल पोरी.”

ऊन होतं आणि दरी पांढरी होती. फटीपाशी बर्फ अखंड होतं. रोवेनाने ट्रेलर लावला आणि दार उघडलं. ऑर्व्हल दाण्याची बादली घेऊन शेजारी उभा राहिला, ती जराशी हलवली आणि एकेक नाव घेतलं, जेवायला हाक मारावी तसं.

“मेजर. चल रे. बिस्किट. जून, ये बाई.”

प्रत्येक नावाला कमानपाटे करकरले आणि ट्रेलर बसला. बर्फावर एकही ठसा उमटला नाही. मग बराच वेळ काही नाही. ऑर्व्हलने बादली खाली ठेवली.

“डचेस,” तो म्हणाला, “परत आलीय ती. सांगितलं होतं ना.”

शेवटचा पाटा करकरला. रोवेनाने दार लावलं. तिला ते पूर्ण जोर लावून ढकलावं लागलं, मोठ्या घोडीचा पुठ्ठा दाराला टेकलेला असतो तेव्हा लावावं लागतं तसं.

ट्रक संथ निघाला. पहिल्या वळणानंतर तिने बटण दाबलं. आतून एक ठाम झटका बसला आणि इंजिन, गिअरबॉक्स, चाकं सगळी एकच वस्तू असल्यासारखी चालायला लागली. काटा जागचा हलला नाही. ऑर्व्हल पुढच्या काचेतून समोर बघत होता, हात गुडघ्यांवर. खिंड जवळ आली तशी रोवेनाची पाठ ताठ झाली. मागे खुरांचा आवाज झाला, अस्वस्थ, पत्र्यावर. तिने पेडलवरचा पाय ना दाबला, ना काढला. ती गुणगुणत राहिली. ट्रक थरथरला नाही. माथा आला, माथा गेला, आणि उताराला लागताना मागून चौघांचं वजन पुढे रेललं आणि तसंच राहिलं.

“आहेत,” ऑर्व्हल म्हणाला. 

जत्रेच्या मैदानावर हिवाळ्यात कुणी नसतं. लांबलचक तबेले मोकळे असतात. ज्या तबेल्यात आगीच्या दिवशी सहा तरुण घोडे ठेवले होते त्याच्यासमोर तिने ट्रेलर लावला आणि दार उघडून बाजूला झाली. पाटे एकेक करून वर आले. तिच्या गालाजवळून काहीतरी ऊबदार गेलं आणि चष्म्याच्या काचा धुरकटल्या. ऑर्व्हलने तबेल्याची दारं लावली, आत जनावर असल्यासारखी, सावकाश.

दुसऱ्या दिवशी मैदानाची देखरेख करणाऱ्या ट्वायलाचा फोन आला.

“रोवेना, तू कुणाचे घोडे ठेवलेयस का इथे? मला सांगायचं तरी.”

“का गं?”

“तबेल्यातल्या जुन्या बादल्या काढायच्या राहिल्या होत्या माझ्या, छतातून गळलेलं पावसाचं पाणी गोठलं होतं त्यांत. सकाळी बघते तर चार बादल्यांतलं बर्फ फोडलंय आणि पाणी खाली गेलंय. आत कुणी दिसत नाही. पण मी तिथे उभी होते तर माझं कुत्रं आत यायलाच तयार नाही.”

“बादल्या भरून ठेवशील?” रोवेनाने विचारलं.

 ट्वायला टिंगस्टॅडच्या शेजारच्या दरीतली. तिलाही आगीचं सगळं माहीत होतं.

“ठेवते,” ती म्हणाली. “कोमट घालते.”

हिवाळाभर तिने घातलं. पाणी जात राहिलं. मार्चमध्ये, कुरणावर पहिलं हिरवं दिसलं तेव्हा, ट्वायलाने एका सकाळी तबेल्याचं दार उघडं पाहिलं आणि बादल्या काठोकाठ भरलेल्या. नंतर त्या तशाच राहिल्या. ऑर्व्हलला कुणी सांगितलं नाही, पण त्याच आठवड्यात तो बहिणीला म्हणाला की त्याला आता दरीत परत जायचंय. बहीण रागावली, तरी तो गेला. तरुण घोडे रोवेनानेच नेऊन दिले. फर्न चढताना मागे वळली नाही.

रोवेनाचा ट्रक अजून चालतो. सिग्नलला तो सावकाश निघतो आणि मागची पोरं हॉर्न वाजवतात. ब्रॉडीने एकदा विचारलं, “मॉम, हा कुठला दगड बसवून घेतलास?” ती म्हणाली, ओढतो चांगला. ऑर्व्हलकडे ती आता कॉफी पिते, दुसरा कपही मागून घेते. कुंपणाच्या फटीपाशी गवत उगवलं आहे, चार जागा सोडून.

ट्रेलर वळवताना ती त्या चार जागांवरून चाक जाऊ देत नाही.